जानकीमैयांच्या विहिरी

कुणी चुलीपाशी बसली असेल, कुणी शेंगा निवडत असेल, कुणी अजून वावरातून घरी यायची असेल. रेडिओ जरा जवळ घ्या. आज आम्ही आपल्याच वर्ध्याच्या एका बाईचा इतिहास सांगणार आहोत. पण तो सांगावासा का वाटला, ते आधी सांगतो.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका ताईंनी साधा प्रश्न विचारला होता. म्हणाल्या, "घरासाठी नाही, लेकरांसाठी नाही, स्वतःसाठी तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आम्ही चौदाजणी. सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिलो. शेवटी एक काकू म्हणाल्या, "पोरीचं लगन होऊन जावं, बस." ताई म्हणाल्या, ते पोरीसाठी झालं. मग काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मले काय वाटते बापा? मले काहीच नाही वाटत." सगळ्याच हसल्या. पण घरी जाताना रस्त्यात कुणी फारसं बोललं नाही.

आपल्याकडे शब्दच बघा ना. पुरुषाला भजनाची, तबल्याची आवड असली तर त्याला छंद म्हणतात. बाईला असली की म्हणतात, "तिले नाद लागला." एवढं ऐकून ऐकून बाई स्वतःच म्हणायला लागते, मले कुठं जमते? आम्हीही तेच म्हणत आलो. आजचं हे भाषण रेडिओवर आम्ही करावं असं ठरलं, तेव्हाही तेच म्हणालो.

म्हणून आम्ही जानकीदेवी बजाजांची गोष्ट शोधून काढली. वर्ध्यात राहून बजाजांचं नाव माहीत नाही अशी बाई सापडणार नाही. बजाजवाडी माहीत, लक्ष्मीनारायणाचं मंदिर माहीत. जमनालालजींचं नाव पोरं शाळेत शिकतात. पण त्यांच्या घरची बाई कोण होती, तिनं काय केलं, असं आम्ही गटात विचारलं तर दोघी-तिघींनीच मान हलवली.

जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३ चा, आज मध्य प्रदेशात असलेल्या जावरा गावचा. मारवाडी वैष्णव घर. १९०२ साली, जेमतेम नऊ वर्षांच्या असताना, त्यांचं लग्न झालं. नवरा होता बारा वर्षांचा. तोही वर्ध्यात जन्मलेला नव्हता. राजस्थानातल्या सीकरकडच्या एका खेड्यातून वर्ध्याच्या शेठ बच्छराज बजाजांच्या घरी तो दत्तक आला होता. म्हणजे परक्या गावात आलेली दोन लेकरंच ती. मुलगा पुढे दुकान, व्यापार, सभा, सगळीकडे जाऊ लागला. मुलगी वाड्यात राहिली.

वाड्यातलं ते राहणं कसं असेल, याचा अंदाज आपल्याला करता येतो. त्या काळच्या मारवाडी घरात सुनेनं चेहऱ्यावरून घुंगट काढायचा नाही, मोठ्यांसमोर बोलायचं नाही. अंगावर सोनं जितकं जास्त, तितकी घराची इज्जत मोठी. शाळा म्हणून जानकीदेवींच्या वाट्याला आली नव्हती. बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळच येत नसेल, तर आपल्याला बोलता येतं की नाही, हे बाईला कळावं तरी कसं?

पुढची काही वर्षं आम्ही भराभर सांगतो, कारण ती बहुतेक पुस्तकांत सापडतात. जमनालालजी गांधीजींकडे ओढले गेले. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा म्हणू लागले. सरकारनं दिलेली रायबहादूर पदवी जमनालालजींनी १९२१ साली परत केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याला आले आणि इथला आश्रम सुरू झाला. या सगळ्याचे धक्के वाड्याच्या आत जानकीदेवींपर्यंत पोचत होते. वयाच्या पंचविशीच्या आसपास त्यांनी सोनं अंगावरून उतरवलं. घुंगट सोडला. मग घरातल्या विलायती कपड्यांची होळी झाली, रेशीम गेलं आणि जाडीभरडी खादी आली. जुलै १९२८ मध्ये बजाजांचं लक्ष्मीनारायण मंदिर त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या लोकांसाठी खुलं झालं. देशभर त्याची चर्चा झाली आणि जातीतल्या कितीतरी लोकांनी डोळे वटारले. पुढे सत्याग्रहाच्या दिवसांत जानकीदेवी तुरुंगातही जाऊन आल्या. मुली तीन, मुलगे दोन, आणि बजाजवाडीत देशभरातल्या पाहुण्यांचा राबता. तो राबता सांभाळून हे सगळं.

आता जरा थांबूया. सोनं उतरवणं हे वाचायला एका ओळीचं काम आहे. आपल्यातल्या किती जणींना साधी डोरल्याची पोत मोडायची वेळ आली, तेव्हा काय वाटलं ते आठवा. सोनं म्हणजे दागिना तर असतोच, पण बाईच्या नावावर असलेलं तेवढंच एक धन असतं. रात्रीअपरात्री संकट आलं तर गहाण ठेवायला तेवढंच. तेच उतरवून ठेवायचं, आणि वर नातेवाइकांनी म्हणायचं की शेठाची बायको भिकारणीसारखी दिसते. घुंगटाचंही तसंच. ज्या तोंडावर लग्नापासून पदर होता, त्यावर भरबाजारातली नजर पडते तेव्हा पहिल्या दिवशी बाईला मोकळं वाटत नाही, उघडं पडल्यासारखं वाटतं. मोकळं वाटायला वेळ लागतो.

पण आमच्या गटात एका वहिनींनी लगेच विचारलं, "हे तर नवऱ्यानं म्हटलं, बापूंनी म्हटलं, म्हणून केलं ना? तिचं स्वतःचं काय?"

प्रश्न बरोबर आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. आम्हाला वाटतं, पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत जानकीदेवी बऱ्याच अंशी दुसऱ्यांनी दाखवलेल्या वाटेवर चालल्या. धीटपणे चालल्या, पण वाट दाखवणारे दुसरे होते. त्यांचं मन सतत खंबीर होतं असंही नाही. गांधीजींनी बजाज कुटुंबाला लिहिलेली पत्रं 'पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद' या नावानं पुस्तकात छापलेली आहेत. जानकीदेवींना ते जानकीमैया म्हणत. त्यांना लिहिताना तब्येतीची विचारपूस आणि काळजी सोडून देण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा येतो. ज्या बाईला काळजीच नाही, तिला असं कोण कशाला लिहील? देशासाठी तुरुंगात जाणारी बाईसुद्धा मनातून घाबरत होती, खंगत होती. हे वाचून आम्हाला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आपल्यासारखीच निघाली की!

मग १९४२ साल आलं. जमनालालजी त्याआधी काही महिने शहराजवळ गोपुरीत झोपडी बांधून राहू लागले होते. गाईंच्या सेवेचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते अचानक गेले. वय फक्त बावन्न. जानकीदेवी एकोणपन्नास वर्षांच्या होत्या.

आपल्याकडे नवरा गेल्यावर बाईच्या आयुष्याचं काय होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या काळी तर कोपरा आणि पांढरं लुगडं, झालं. गांधीजींनी जानकीदेवींना सांगितलं की जमनालालजींचं अर्धं राहिलेलं काम तुम्ही हाती घ्या. त्यांनी आपल्या वाट्याचं धन गोसेवेला देऊन टाकलं आणि गोसेवा संघाचं अध्यक्षपद घेतलं. आता सभेत नवऱ्याच्या शेजारी बसायचं नव्हतं. सभाच चालवायची होती. हिशेब बघायचे, माणसांशी बोलायचं, निर्णय घ्यायचे. ज्यांना शाळेत जाऊन शिकायला मिळालं नाही त्या बाईनं हे एकोणपन्नासाव्या वर्षी सुरू केलं.

गाईचं काम तरी नवऱ्याचंच होतं. त्यांचं स्वतःचं काम आम्हाला सापडलं ते पुढे आणखी दहा-बारा वर्षांनी, आणि ते काम विहिरींचं होतं.

त्यासाठी थोडं भूदानाबद्दल सांगावं लागेल. मार्च १९५१ मध्ये विनोबा आपल्या पवनारच्या धाम नदीकाठच्या आश्रमातून पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं. पुढची तेरा वर्षं विनोबा देशभर चालत राहिले आणि चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळाली. आकडा फार मोठा आहे. पण त्यातली कितीतरी जमीन पडीक, खडकाळ, नाहीतर भांडणातली होती. आणि चांगली जमीन मिळाली तरी भूमिहीनाकडे ना बैल, ना बियाणं, ना पाणी.

वावर म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या बाईला विचारावं. आपला वर्धा जिल्हा बहुतेक कोरडवाहू. पाऊस पडला तर कापूस, तूर, ज्वारी. नाही पडला तर सावकार. त्याच वावरात एक विहीर असली की चित्र बदलतं. गहू होतो, हरभरा होतो, बांधावर चार वांग्याची-मिरचीची झाडं होतात, घरची भाजी बाजारात जाते, गाय-म्हैस उन्हाळ्यात तगते. पण विहीर खोदणं गरिबाच्या हातातलं नाही. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. तेव्हा यंत्रं नव्हती. टिकाव, पहार आणि सुरुंग लावून महिनोन्‌महिने खोदायचं, बायांनी घमेल्यानं दगडमाती वर काढायची, मग दगडानं बांधायचं. एवढा खर्च भूदानातली दोन एकर मिळालेला माणूस कुठून करणार?

जानकीदेवी विनोबांच्या कामात होत्याच. वयानं त्या विनोबांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. भूदानाचे बाकी लोक एकर मोजत होते, आणि त्यांनी कूपदान, म्हणजे विहिरींचं दान, आपलं काम मानलं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी भूमिहीनाच्या वावरात विहीर बांधून द्यावी, हे सांगत त्या फिरल्या. विनोबांच्या पदयात्रेतही चालल्या. साठी ओलांडलेली, एकेकाळी घुंगटात वाढलेली ही बाई. शेठजींच्या घराचा दबदबा पाठीशी होता हे खरं. पण दारात उभं राहून दुसऱ्याकडे मागणं हे श्रीमंत घरच्या बाईला गरीब बाईपेक्षा जड जातं, असं आम्हाला वाटतं. ज्या घरानं आयुष्यभर दिलं, त्या घरच्या सुनेनं आता हात पुढे करायचा होता.

विहिरीचंच काम त्यांना का भावलं असेल? आमच्या गटात यावर खूप बोलणं झालं. एकीचं म्हणणं होतं, गोसेवेतून आलं असेल, कारण चारा-पाण्याशिवाय गाय नाही. दुसरी म्हणाली, "पाणी कोण भरते? बाईच भरते ना? मंग विहिरीचं बाईलेच सुचन." आम्हाला ही दुसरी गोष्ट जास्त पटली. जमीन सातबाऱ्यावर येते आणि सातबारा पुरुषाच्या नावावर असतो. पाणी मात्र बाईच्या डोक्यावर असतं. जे काम बाईच्या डोक्यावरचं ओझं हलकं करतं, त्यात बाईचा जीव लागतो.

आणि हे बघा, हे काम त्यांना कोणी विशीत विचारलं असतं, "बाई, तुला आयुष्यात काय करायचं आहे?" तर त्याही आमच्या काकूंसारखंच म्हणाल्या असत्या. विशीत त्यांना विहिरी दिसल्याच नव्हत्या. आधी सोनं उतरलं, मग घुंगट, मग तुरुंग, मग हिशेबाच्या वह्या, आणि मग विहिरी. एकेका कामानं पुढचं काम दाखवलं. आधी ध्यास सापडला आणि मग धीर आला, असं त्यांच्या बाबतीत झालेलं दिसत नाही.

१९५६ साली भारत सरकारनं जानकीदेवींना पद्मविभूषण दिलं. हा सन्मान सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आधीच्या दोन वर्षांची नावं बघितली तर त्यात शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस आहेत, चित्रकार नंदलाल बोस आहेत, आपले महर्षी धोंडो केशव कर्वे आहेत, उद्योगपती जे. आर. डी. टाटा आहेत. सगळे पुरुष, आणि सगळे शिकलेसवरलेले. १९५६ मध्ये त्या यादीत पहिल्यांदा एका बाईचं नाव आलं, आणि ती बाई आपल्या वर्ध्याची होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. त्या धामधुमीची गोष्ट लोकांना पाठ आहे. ही मात्र आम्हाला आत्ता, हे भाषण तयार करताना कळली.

त्यांनी आपली जीवनकहाणीही सांगून ठेवली आहे. 'मेरी जीवन यात्रा' नावानं ती हिंदीत छापली गेली. २१ मे १९७९ ला, शहाऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या.

एवढं ऐकून आमच्या वहिनी परत म्हणाल्याच, "शेठाची बायको होती म्हणून झालं. आपलं काय?" हेही खरंच आहे. पैसा होता, नाव होतं, पाठीशी गांधीजी होते. उद्याच्या भाकरीची काळजी नव्हती. ज्या बाईला ती काळजी आहे तिला "आवड शोध" म्हणणं सोपं आणि फुकटचं आहे.

म्हणून दुसरं नाव घेतो, तेही आपल्याच जिल्ह्याचं. पिंपरी मेघे गावची चिंधी. १४ नोव्हेंबर १९४८ चा जन्म. मुलगी नको होती म्हणून नावच चिंधी ठेवलेलं. गुरं चारायला पाठवायचे, त्यातून वेळ काढून शाळेत जायची, चौथीपर्यंत शिकली. लहानपणीच लग्न झालं, मोठ्या वयाच्या माणसाशी. पोटुशी असताना घरातून हाकललं, आणि गोठ्यात ती बाळंत झाली. पोटासाठी रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून भीक मागितली. जीव द्यावा असंही तिच्या मनात आलं होतं, हे तिनं पुढे कितीतरी सभांमधून स्वतः सांगितलं. तीच आपली सिंधुताई सपकाळ. अनाथ लेकरांची माई. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली आणि ४ जानेवारी २०२२ ला ती गेली. हिच्याकडे शेठ नवरा नव्हता, वाडा नव्हता. एक गळा होता. त्याच गळ्यावर तिनं आधी स्वतःचं पोट भरलं, मग भेटतील त्या लेकरांचं.

एकीला लोक मैया म्हणत, दुसरीला माई. एक वाड्यातली, एक गोठ्यातली. दोघींची तुलना आम्ही करत नाही. सिंधुताईनं जे सोसलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि दुःख सोसल्यावरच बाई मोठी होते असं कुणी सांगितलं तर ते आम्हाला मान्य नाही. आम्ही एवढंच बघितलं की दोघींपैकी एकीलाही सुरुवातीला आपलं काम माहीत नव्हतं.

आता आमचंही सांगून टाकतो. हे भाषण बोलायला आम्ही चौघी स्टुडिओत आलो तेव्हा पहिल्या खेपेला घसाच कोरडा पडला. दुसऱ्या खेपेला कागद उलटा धरला होता. तिसऱ्या खेपेला आमच्यातली एक मध्येच हसली आणि सगळं परत करावं लागलं. तुम्ही ऐकताय ती चौथी खेप आहे.

आणि मागच्या आठवड्यात बैठकीत आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला. यावेळी थोडी बोलणी निघाली. एकीला सायकल शिकायची आहे, पण लोक हसतील म्हणते. एकीला भारूड म्हणायचं आहे. आणि त्या काकू, ज्यांना काहीच वाटत नव्हतं, त्या जरा वेळानं म्हणाल्या, "आपल्या मोहल्ल्यातली हापशी सालातून चार खेपा बंद पडते. माणूस येतो, वरचं झाकण खोलतो, साखळी पाहतो, वायसर बदलवतो. म्या पाहून ठेवलं हाय. मले ते करून पाहाचं हाय."

वय बावन्न. "जमन का मले?" असं त्यांनी लगेच विचारलंच. कुणालाच सांगता येईना. ग्रामपंचायतीत पाने आणि पाइप उचलायचं सामान असतं, ते कुणाच्या ताब्यात आहे याची चौकशी दोघींनी करायची ठरली आहे. दुरुस्तीवाला पुढच्या खेपेला आला की काकूंनी शेजारी उभं राहायचं, आणि झाकण त्यांनी खोलायचं. हापशी सध्या चालू आहे. पण उन्हाळा लागला की ती बंद पडतेच.